तबकड्यांसाठी लाकडी पेटी: वजन, ऊन आणि तीन बोटं मोकळी जागा

गुरुजी, तुमचा प्रश्न असा. सेलूच्या घरी वडिलांच्या मागं राहिलेल्या गाण्यांच्या तबकड्या आहेत: साधारण १८० एलपी, म्हणजे मोठ्या बारा इंची, चाळीसेक लहान सात इंची ईपी आणि साठेक जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. सगळ्या पत्र्याखालच्या माळ्यावर ट्रंकेत आडव्या रचून ठेवलेल्या. त्यांच्यासाठी स्वतःच्या हातानं पेटी करायची आहे. सागवान घ्यावं की प्लाय, माप काय धरावं, मोठी मशीन नसताना कोपरे कसे जोडावेत आणि वरून पॉलिश कोणतं, हे तुम्ही विचारलंत. हत्यारं म्हणून करवत, रंधा, पटाशी आणि हातातलं ड्रिल आहे. तेवढ्यावर हे काम नीट होतं.

पेटी व्हायला महिना लागेल. पण तबकड्या त्या माळ्यावरून आजच उतरवा. ऊन चढायच्या आत, सकाळी. एलपीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या पुढं मऊ पडायला लागतं, आणि त्यावर वजन असेल किंवा ती तिरकी टेकलेली असेल तर त्याच्या आधीच आकार सोडते. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४४ वर जातो. मग पत्र्याच्या हातभर खाली, बंद ट्रंकेत काय होत असेल ते पत्र्याला हात लावला की कळतं. त्यातून आडवी चवड. एक एलपी कव्हरासकट दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम भरते. साठ तबकड्यांची चवड असेल तर सगळ्यात खालची तबकडी तेरा किलो अंगावर घेऊन उन्हाळा काढते. कव्हरवर जे गोल वळ उठलेले दिसतात ते त्या दाबाचेच. खाली आणल्यावर घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून, भिंतीलगत उभ्या लावा आणि दोन्ही बाजूंनी जड पुस्तकांचा आधार द्या. तोवर पेटीचं बघू.

मी लातूरला लाकूडकाम करतो, तीस वर्षं झाली. तबकड्यांच्या पेट्या दहा-बारा वर्षांपासून करतोय. पहिली पेटी केली ती मोठी केली होती, शंभर एलपी बसतील अशी, कारण गिऱ्हाईक तसं म्हणालं आणि मलाही वाटलं की एकाच पेटीत सगळं मावलं तर बरं. शंभर एलपी म्हणजे नुसत्या तबकड्यांचेच वीस-बावीस किलो, वर पेटीचे पाच-सहा. सोयाबीनच्या अर्ध्या कट्ट्याएवढं वजन. कट्टा उचलायला पाठीवर घेता येतो, ही पेटी मात्र वाकून, दोन्ही हात पुढं करून जमिनीवरून उचलावी लागते. वर्षभरात त्यांनी ती उचलायची सोडून दिली आणि फरशीवरून ओढायला लागले. ओढताना तळाचे खिळे उपसले. तेव्हापासून मी साठच्या वर एका पेटीत घालत नाही. साठ एलपी आणि पेटी मिळून पंधरा-सोळा किलो. घरातलं कुणीही उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ शकतं. म्हणजे तुमच्या १८० साठी तीन पेट्या, ७८ साठी दोन लहान, आणि ईपीसाठी एक.

आता माप. एलपीची तबकडी १२ इंची म्हणतात, पण पेटी कव्हराच्या मापाची होते. कव्हर ३१५ मिलिमीटरच्या आसपास असतं, वरून प्लास्टिकची पिशवी घातली की ३२० च्या पुढं जातं. म्हणून आतली रुंदी १३ इंच, म्हणजे ३३० मिलिमीटर धरा. याहून कमी केली तर पिशव्या कडेला घासून फाटतात. जास्त केली तर कव्हर आत फिरतं आणि कोपऱ्यावर उभं राहून दुमडतं. खोली, म्हणजे समोरून मागं, ११ इंच. साठ एलपी जुन्या पातळ कव्हरांच्या असतील तर २०-२२ सेंटिमीटर घेतात, दुहेरी कव्हरं जास्त असतील तर २४. उरलेली तीन-चार बोटं मोकळी. ही मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नाही. तबकड्या एकेक पुढं कलवून बघायला तेवढी लागतेच. गच्च भरलेल्या पेटीतून तबकडी उपटून काढावी लागते आणि कव्हराची वरची कड तिथंच फाटते. उलट चारांऐवजी दहा बोटं मोकळी राहिली तर सगळी रांग एका बाजूला झुकते, आणि झुकून उभी राहिलेली तबकडी आपल्या उन्हाळ्यात वाकते. दोन्हीच्या मधलं माप जपायचं, एवढंच या पेटीचं खरं काम.

उंचीच्या बाबतीत लोक माझ्याशी वाद घालतात. कव्हर पूर्ण झाकेल अशी उंच पेटी बघायला छान दिसते. मी फळ्यांची उंची सव्वा अकरा इंच ठेवतो, २८५ मिलिमीटर. तळाची जाडी वजा जाता कव्हर दोन इंचांहून थोडं वर राहतं. याचे दोन फायदे. एक, वरची कड चिमटीत धरून तबकड्या चाळता येतात. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: कव्हरं वर आली की त्या पेटीवर दुसरी पेटी ठेवताच येत नाही. आपल्या घरात सपाट काही दिसलं की त्यावर काहीतरी ठेवलं जातं, आधी वर्तमानपत्रं, मग इस्त्रीचे कपडे, मग दुसरी पेटी. धूळ बसेल म्हणाल, तर बसतेच. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि उन्हाळ्यात दार बंद असलं तरी आत येते. त्यासाठी जाडसर सुती कापडाचं आच्छादन शिवून घ्या, चारी बाजूंनी वीतभर खाली येईल असं. नांदेडची जाड खादी मिळाली तर उत्तम, नाहीतर जुन्या धोतराची दुहेरी घडी चालते. प्लास्टिकचा कागद घालू नका, पावसाळ्यात त्याच्याखाली दमटपणा कोंडतो आणि कव्हराला बुरशी धरते.

लाकडाचं सांगतो. तुमचं हे पहिलं काम असेल तर १२ मिलिमीटरचा, म्हणजे चार सुती, चांगला प्लाय घ्या. बीडब्ल्यूआर दर्जाचा, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, आणि आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. सहा बाय चारचा एक तक्ता सगळ्या सहा पेट्यांच्या भिंतींना पुरतो, तळासाठी ९ मिलिमीटरचा वेगळा तुकडा घ्यावा लागेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तक्ता, घेऊ नका, रोज फरशी पुसणाऱ्या घरात एमडीएफची खालची कड दोन पावसाळ्यांत फुगते.

पण तुम्ही सागवान विचारलंय, आणि विचारलंय म्हणजे मनात तेच आहे असं मी धरतो. नवं सागवान महाग, आणि नीट वाळलेलं मिळेलच याची खात्री नाही. मी स्वतः जुनं वापरतो. आपल्या भागात माळवदाची, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेली, घरं होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर आमच्या लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात लोकांना डोक्यावर मातीचं माळवद नको झालं. ज्यांची घरं उभी राहिली होती त्यांनीही ती उतरवली. तुळया, खांब, दारांच्या चौकटी, सगळं लाकूड बाजारात आलं. मी तेव्हा नुकताच हाताखाली काम शिकायला लागलो होतो आणि माझं पहिलं काम त्या लाकडातले खिळे उपसायचं होतं. ते लाकूड कुणाच्या घरातलं आहे हे कुणी विचारत नव्हतं, पण हात लावताना सगळे जपून लावायचे. तसं उतरवलेलं लाकूड आजही जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं, कारण वाडे अजून उतरतायत. साठ-सत्तर वर्षं घरात राहिलेलं सागवान आता हलायचं तेवढं हलून झालेलं असतं. घेताना लोहचुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला दात पाडतो. बारीक भोकं आणि त्यातून पिठासारखा भुसा पडत असेल तर ते लाकूड तिथंच सोडा, कीड जिवंत आहे.

बाभळ नको. बैलगाडीला आणि औताला तिच्यासारखं लाकूड नाही, पण पातळ फळी केली की ती पिळवटते आणि वजनही फार. आंबा स्वस्त आहे, पण कीड सगळ्यात आधी आंब्याला लागते. कडुलिंबाला कीड कमी लागते म्हणून पुष्कळ जण सुचवतात. माझ्या हाताला मात्र तो सरळ रंधला जात नाही, रेषा उलटसुलट जातात. वाळूज, चिकलठाण्याकडून कारखान्यांच्या खोक्यांचं पाइन लाकूड येतं, हलकं आणि कामाला सोपं. ते परदेशातून आलेल्या खोक्याचं असेल तर त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. शिक्क्यात एचटी असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे, घ्या. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका.

भरीव लाकडाची पेटी करणार असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. आपल्याकडं वैशाखात हवा इतकी कोरडी की घरातलं लाकूड पाच-सहा टक्के ओलाव्यावर येतं, आणि श्रावणात तेच चौदा-पंधरावर जातं. एवढ्या फरकात ११ इंच रुंदीची सागाची फळी तीन-चार मिलिमीटर कमी-जास्त होते. म्हणून चारही भिंतींच्या रेषा आडव्या, पेटीभोवती फिरतील अशा ठेवायच्या. मग सगळ्या भिंती मिळून वरखाली हलतात आणि आतलं १३ इंचांचं माप बारा महिने तेच राहतं. तळ मात्र कधीही भरीव फळीचा करू नका. मी केला होता एकदा, आंब्याच्या फळीचा, चारी बाजूंनी खिळून. पेटी पोळ्याच्या आसपास झाली. पुढच्या एप्रिलमध्ये फळी आकसायला गेली, खिळ्यांनी तिला सोडलं नाही, आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाटली. गिऱ्हाइकाला दुसरी पेटी करून दिली आणि तेव्हापासून तळाला प्लायच. याच कारणानं काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा हवा मधली असते, फार ओली नाही, फार कोरडी नाही.

आता तुकडे कापू. एका एलपीच्या पेटीला समोरची आणि मागची फळी १३ इंच लांब, दोन्ही बाजूंच्या १२ इंच लांब, उंची सगळ्यांची सव्वा अकरा. बाजूच्या फळ्या समोर-मागच्या फळ्यांची टोकं झाकतात, म्हणून ११ अधिक दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच जाडी, अशा १२ झाल्या. तळ १३ बाय ११, चारी बाजूंनी कागदभर सैल. चारी फळ्या एकदम उभ्या धरून गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून बघा, एखादी सूतभर जरी कमी-जास्त असेल तर रंध्यानं आताच बरोबर करा. नंतर करता येत नाही.

कोपऱ्याला आतून पट्टी ठोकायचा मोह होतो, कारण सोपं आहे आणि मजबूतही. करू नका. १३ इंचांच्या रुंदीत दोन्ही कोपऱ्यांना पाऊण इंची पट्टी बसली की मधे साडेअकरा इंच उरतात आणि सव्वाबारा इंचांचं कव्हर भिंतीला टेकतच नाही. पहिली आणि शेवटची तबकडी पट्टीच्या कडेवर रेलून राहते. मी बांबूच्या खुंट्या वापरतो. चांगल्या पिकलेल्या बांबूच्या काड्या सोलून पाच मिलिमीटरच्या गोल करायच्या. कड्यांना फेविकॉल लावून चारी भिंती उभ्या करायच्या, दोरी दोनदा गुंडाळून मधे काठी घालून पिळ द्यायचा म्हणजे पेटी आवळली जाते, शिकंजा लागत नाही. मग बाजूच्या फळीतून समोरच्या फळीच्या जाडीत दीड इंच खोल भोकं पाडायची, एका कोपऱ्याला पाच. पहिलं भोक किंचित वरच्या दिशेला तिरकं, दुसरं खालच्या, असं आलटून पालटून. भोकात फेविकॉल सोडून खुंटी हलक्या हातानं ठोकायची आणि वाळल्यावर करवतीनं सपाट कापायची. तिरक्या खुंट्या एकमेकींना सोडत नाहीत, आणि प्लायच्या कडेत स्क्रू घातला की पापुद्रे सुटतात तो धोकाही नाही. जुन्या सागाला फेविकॉल लावायच्या आधी जोडाची जागा स्पिरिटच्या फडक्यानं पुसून घ्या. सागात तेल असतं, ते वर आलेलं असलं की गोंद धरत नाही.

दोरी आवळल्यावर कोनाकोनी माप घ्या. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पेटी काटकोनात आहे. मी आणखी एक करतो. प्लायचा ३२० मिलिमीटर चौरस तुकडा कापून ठेवलाय, त्याला आम्ही खोटी तबकडी म्हणतो. गोंद ओला असतानाच ती पेटीत समोरून मागपर्यंत सरकवून बघायची. कुठं अडली तर तेव्हाच दोरी सैल करून ठोकता येतं. खऱ्या तबकडीनं हे तपासू नका, ओला गोंद कव्हराला लागला की निघत नाही.

तळासाठी खोबण पाडायची गरज नाही. चारी भिंतींच्या आतून, अगदी खाली, पाऊण इंची सागाची पट्टी फेविकॉल आणि एक इंची स्क्रूनं बसवा. स्क्रू आतून पट्टीतून भिंतीत, म्हणजे बाहेर टोक येत नाही. तळाचा प्लाय या पट्ट्यांवर वरून बसतो, आणि तबकड्यांचं वजनच त्याला दाबून ठेवतं. तळाला चारपाच भोकं, बोट जाईल एवढी, पाडा म्हणजे हवा खेळती राहते. पट्ट्यापट्ट्यांचा, फटी ठेवून केलेला तळ करू नका. कव्हराची खालची कड फटीच्या जागी दबते आणि वर्षभरात दाते पडल्यासारखी दिसते.

तळाखाली चारी कोपऱ्यांना इंचभर उंचीचे सागाचे ठोकळे. शहाबादी फरशीला पावसाळ्यात पाझर येतो, आणि पोचा मारताना पाणी कडेला साचतं. ठोकळा असला की पेटीच्या प्लायची कड पाण्यात उभी राहत नाही. दुसरं म्हणजे खालून अंधार नको. वाळवीचा मातीचा बोगदा पेटीपर्यंत आला तर इंचभर फटीतून तो दिसतो, सपाट बसलेल्या पेटीखाली दिसत नाही. महिन्यातून एकदा वाकून बघायची सवय ठेवा. भिंतीपासूनही चार बोटं लांब.

मुठीची भोकं समोरच्या आणि मागच्या फळीला करा, बाजूच्या नाही. हे मी चुकून शिकलो. बाजूला भोक असलं की उचलताना बोटं थेट कव्हरांच्या कडांना लागतात. माझ्या पहिल्या पेटीतल्या तबकड्यांच्या कडा त्या एका जागी घामानं काळ्या पडल्या होत्या आणि कागद उसवला होता. समोर-मागं भोक असलं तर बोटं त्या तीन बोटं मोकळ्या जागेत जातात, किंवा फार तर शेवटच्या तबकडीच्या सपाट पाठीला टेकतात. भोक असं: वरच्या कडेपासून दीड इंच खाली, सत्तर मिलिमीटर अंतरावर ३२ मिलिमीटरची दोन गोल भोकं पाडा आणि मधला भाग बारीक करवतीनं काढा. चार बोटं आरामात बसतात. बाहेरून त्या जागी अर्धा इंची सागाची पट्टी चिकटवली तर धरायला जाडी मिळते. नुसत्या चार सुती प्लायची कड पंधरा किलोला बोटात रुतते. कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं कडा गोल करा, स्वतःचा हात घालून बघा.

आता त्या मोकळ्या जागेचं. तीन पेट्यांत साठ-साठ लावल्या तरी एखादीत चाळीसच असतील, किंवा वीस तुम्ही ऐकायला बाहेर काढल्या असतील. मग रांग झुकते. त्यावर उपाय सरकता आडवा, म्हणजे रांगेला टेकू देणारा आणि जागा बदलता येणारा प्लायचा पडदा. तळाच्या प्लायमध्ये समोरून मागं, कडेपासून दोन इंच आत, दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर भोकांची एकेक रांग पाडा, तीन-तीन सेंटिमीटर अंतरानं. मग साडेबारा इंच रुंद आणि नऊ इंच उंच प्लायचा तुकडा घ्या, त्याच्या खालच्या कडेला सागाची पाऊण इंची पट्टी चिकटवा आणि त्या पट्टीत खाली निघणाऱ्या दोन लाकडी खुंट्या बसवा, तळाच्या भोकांत सहज जातील अशा. तबकड्या कमी झाल्या की आडवा उचलून पुढच्या भोकांत ठेवायचा. पेटीत दहा असोत की साठ, रांग उभीच राहते. याला तासभर जास्त काम लागतं. पण या पेटीतली एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करा. तळ मजबूत, कोपरे पक्के, पॉलिश आरशासारखं असलं आणि तबकड्या तिरक्या राहिल्या, तर दोन उन्हाळ्यांनंतर सुई लाटेवरच्या होडीसारखी वरखाली होताना दिसते.

दर वीस तबकड्यांमागं एक पातळ पुठ्ठा किंवा ३ मिलिमीटरचा प्लाय घाला, कव्हराहून इंचभर उंच. त्यावर नाट्यसंगीत, अभंग, कव्वाली, सिनेमा असं लिहिता येतं.

पॉलिशला चपडी. लाखेचे पापुद्रे येतात, शंभर-सव्वाशे ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळा. कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून पातळ हात द्या, जाड एक हात देण्यापेक्षा पातळ सहा बरे. बाहेरून पाच-सहा हात, आतून एकच किंवा मुळीच नाही. नंतर पेटी पंधरा दिवस उघडी ठेवा आणि आत नाक घालून वास घ्या. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्याशिवाय तबकड्या ठेवायच्या नाहीत. थिनरवाली पॉलिशं या कामाला नकोत, त्यांचा वास महिनोन्‌महिने आत राहतो आणि कागदी कव्हर तो धरून ठेवतं. काही जण जवसाचं तेल देतात. आपल्याकडं जवस घरोघरी असायचा आणि लाकडावर त्याचा रंग सुंदर येतो. पण घाण्याचं कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, आणि चिकट पेटी आपल्या धुळीत लगेच काळी पडते. बाहेरून दिलंच तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आतून रेक्झिन, फोम, मखमल काहीही लावू नका. रेक्झिनमधला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ कालांतरानं बाहेर येतो आणि प्लास्टिकच्या पिशवीला चिकटतो. फोमचा पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो आणि तो भुगा थेट तबकडीच्या रेघांत जातो. मखमल धूळ धरते. रंधलेलं, पॉलिश पेपर मारलेलं साधं लाकूड कव्हराला काही करत नाही. डांबरगोळ्याही नकोत, त्यांचा वास कव्हरात कायमचा बसतो. कसर कागद आणि खळ खाते, तिला अंधार आणि दमटपणा लागतो. तबकड्या चाळत राहणं हाच त्यावरचा उपाय.

आता तुमच्या साठ ७८ बद्दल, कारण प्रश्नात तुम्ही त्यांचा नुसता आकडा टाकलाय आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. त्या तबकड्या प्लास्टिकच्या नाहीत. त्यात मुख्य चिकट द्रव्य लाख आहे, दगडाची बारीक पूड मिसळून दाबलेली. जी चपडी तुम्ही पेटीला लावणार, तीच जात. म्हणून त्या स्पिरिटनं कधीही पुसू नका. ज्यानं पॉलिश विरघळतं, त्यानं त्या तबकडीच्या रेघाही विरघळतात. एलपी हातातून पडली तर वाचते, ही फुटते, बशीसारखी. आडव्या चवडीत मधे एखादा खडा किंवा वाकलेली तबकडी असली तरी वरच्या वजनानं तडा जातो. ट्रंक उतरवताना ती एकदम उचलू नका. माळ्यावरच उघडून पाच-पाच करून खाली द्या, खाली कुणीतरी दोन हातांनी घ्यायला उभं असू द्या.

यांची पेटी वेगळी. बहुतेक १० इंची असतील, कागदी पाकीट २६ सेंटिमीटरच्या आत. आतली रुंदी २७५ मिलिमीटर, खोली २२०, भिंतीची उंची २३०. एका पेटीत तीसच. जागा साठांची दिसेल, तरी तीसच, कारण दर दहांमागं ६ मिलिमीटरचा प्लायचा पडदा उभा करायचा आहे. तो पडदा दोन्ही भिंतींना चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांच्या खाचेत बसवा, म्हणजे तो हलणार नाही आणि दहांचं वजन पुढच्या दहांवर जाणार नाही. इथं कोपऱ्यातल्या पट्टीची अडचण येत नाही, कारण रुंदीत तेवढी सवड ठेवली आहे, पण पट्टी ४ मिलिमीटरहून जाड नको. तळावर या एकाच पेटीत मी जाड नमदा घालतो, लोकरीचा, चिकटवत नाही, नुसता कापून ठेवतो. उतरवताना तबकडी हातातून सुटून तळावर आपटली तर तो तिला वाचवतो. जुनी तपकिरी पाकिटं फाटलेली असतील तर नवी कागदी करा, पण जुनी टाकू नका. दुकानाचा शिक्का, वडिलांच्या हातची तारीख, सगळं त्यावर असतं. ती वेगळ्या पाकिटात सपाट ठेवा.

ईपीची पेटी करायला अर्धा दिवस पुरतो. आतली रुंदी १९५, खोली २००, उंची १७०, बाकी सगळं तसंच. खरं तर हीच आधी करा. उरलेल्या तुकड्यांतून होते, खुंट्या तिरक्या मारायचा हात बसतो, आणि चुकली तरी फार लाकूड जात नाही. ती झाली की एलपीची पहिली पेटी घ्या, आणि फळ्या कापायच्या आधी तुमच्यातली सगळ्यात जाड दहा कव्हरं एकत्र धरून पट्टीनं मोजा. माझे आकडे माझ्याकडं आलेल्या तबकड्यांचे आहेत, वडिलांनी घेतलेल्या तबकड्यांत दुहेरी कव्हरं किती आहेत ते तुमच्या घरातच मोजून कळेल. जास्त निघाली तर ११ इंचांची खोली साडेअकरा करा, तबकड्या मात्र साठच ठेवा.